एसी पंप : कॅम ओढतो, स्प्रिंग देते

जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये ‘एसी पंप गेलाय’ असे कोणी म्हणाले, तर आजच्या तरुणाला वाटते की गाडीतल्या गार हवेबद्दल बोलणे चालले आहे. प्रत्यक्षात हा पंप टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचवतो. ॲम्बेसेडर, फियाट, जीप या सगळ्या गाड्यांना तो होता. आपल्याकडच्या मिस्त्रींनी त्याला ‘एसी पंप’ म्हटले, कारण त्यावर ‘एसी’ ही दोन अक्षरे ओतलेली असत. ती अक्षरे एका माणसाच्या नावाची आहेत. आल्बर्ट चॅम्पियन हा पॅरिसमध्ये जन्मलेला सायकलपटू. १८९९ साली त्याने पॅरिस–रूबे ही अवघड शर्यत जिंकली, पुढे अमेरिकेत गेला आणि फ्लिंट या शहरात स्पार्क प्लगचा कारखाना काढला. १९२७ साली तो वारला. त्याच्या आद्याक्षरांनी चालणाऱ्या कंपनीने विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात हा पंप बाजारात आणला. वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट ‘डालडा’ म्हणतो, तसा कोणत्याही कंपनीचा पंप आपल्याकडे ‘एसी पंप’ झाला.

मुठीत मावेल एवढ्या या वस्तूवर लेख कशाला, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी मामूंच्या जीपचा असा एक पंप खोलून, दुरुस्त करून, तपासून पाहण्याचे काम मी एका उस्तादांच्या हाताखाली बसून पाहिले, थोडेफार केलेही. ते करताना या पंपामागचा इतिहास मी वाचत गेलो. तो इतिहास अमेरिकेत सुरू होत नाही आणि अमेरिकेत संपतही नाही. त्यात आपल्या माणसांचाही वाटा आहे, पण तो फारसा कुठे लिहिलेला नाही. म्हणून हा लेख.

पंप नव्हता तेव्हा

पहिल्या मोटारींमध्ये पेट्रोल उंचावरून आपोआप खाली यायचे. फोर्डची मॉडेल टी ही १९०८ ते १९२७ या काळातली जगभर गाजलेली गाडी. तिची टाकी बरीच वर्षे पुढच्या सीटखाली असे. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली, एवढ्यावर सगळे चालत होते. अडचण चढावर यायची. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि गाडीचे तोंड वर झाले, की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जायची आणि इंजिन उपाशी राहायचे. मग लोक गाडी वळवून उलटी, रिव्हर्स गिअरमध्ये, चढ चढवत. घाटात गाडी उलटी चढवण्याची कल्पना आज हसू आणते, पण त्या काळी तो रोजचा उपाय होता.

दुसरा उपाय ‘व्हॅक्युम टँक’ हा होता. इंजिन हवा ओढते त्या ओढीचाच उपयोग करून मागच्या टाकीतले पेट्रोल पुढच्या एका छोट्या टाकीत खेचायचे आणि तिथून ते खाली सोडायचे. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था छान चाले. लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनची ओढ कमी होते, आणि नेमकी तेव्हाच पेट्रोलची गरज सर्वांत जास्त असते. छोटी टाकी रिकामी झाली की गाडी चढावरच बंद पडे.

चढ असो, उतार असो, टाकी कुठेही असो, इंजिन जेवढे मागेल तेवढेच आणि मागेल तेव्हाच पेट्रोल पोहोचले पाहिजे, ही ती गरज होती. पंपाने ती भागवली.

कॅम ओढतो, स्प्रिंग देते

या पंपाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

इंजिनच्या आत कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरत असतो. त्यावर एक उंचवटा असतो. पंपाचा एक दांडा, ज्याला रॉकर आर्म म्हणतात, त्या उंचवट्याला टेकलेला असतो. उंचवटा आला की रॉकर आर्म दाबला जातो आणि त्याचे दुसरे टोक पंपातला लवचीक पडदा खाली ओढते. या पडद्यालाच डायफ्रॅम म्हणतात. पडदा खाली गेला की वर पोकळी तयार होते, आत येणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतले पेट्रोल खेचले जाते. त्याच वेळी पडद्याखालची स्प्रिंग दाबली जाते.

उंचवटा निघून गेला की रॉकर आर्म परत येतो. मात्र तो पडद्याला वर ढकलत नाही. पडद्याला वर ढकलण्याचे काम एकटी स्प्रिंग करते. ती पडदा वर नेते, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. कार्ब्युरेटर भरलेला असेल तर त्याची सुई बंद असते. अशा वेळी स्प्रिंग पडद्याला वर नेऊ शकत नाही, पडदा खालीच थांबतो आणि रॉकर आर्म नुसता रिकामा हलत राहतो. इंजिनाने मागणी केली, सुई उघडली, की स्प्रिंग पुन्हा कामाला लागते.

इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट एक हजार फेरे घेतो. म्हणजे रॉकर आर्म मिनिटाला एक हजार वेळा हलतो. पडदा मात्र गरजेपुरताच हलतो. पेट्रोलचा दाब किती असावा हेही इंजिन ठरवत नाही, ते स्प्रिंग ठरवते. आमचे उस्ताद हे सगळे चार शब्दांत सांगत : ‘कॅम ओढतो, स्प्रिंग देते.’

दमास्कसचा तकीउद्दीन

हे वाक्य मनात ठेवून आता चारशे-पावणेपाचशे वर्षे मागे जाऊ.

तकीउद्दीन इब्न मारूफ हा सोळाव्या शतकातला विद्वान. जन्म दमास्कसचा, कारकीर्द उस्मानी साम्राज्यातली. १५५१ साली त्याने यंत्रांवर एक अरबी ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, आणि १९७६ साली अहमद युसूफ अल-हसन या अभ्यासकाने ते अभ्यासून प्रसिद्ध केले. त्यात नदीचे पाणी उंच चढवणारा सहा सिलिंडरांचा एक पंप आहे.

त्याची रचना अशी. वाहत्या पाण्याने एक चाक फिरते. चाकाच्या आसावर सहा कॅम बसवले आहेत, एकामागून एक येतील अशा अंतराने. प्रत्येक कॅम एका दांड्याचे टोक दाबतो, त्यामुळे दांड्याचे दुसरे टोक उचलले जाते आणि त्याबरोबर सिलिंडरमधला दट्ट्या वर येतो. दट्ट्या वर आला की खालून, एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून, पाणी आत ओढले जाते. दट्ट्याच्या दांड्यावर शिशाचे जड वजन ठेवलेले आहे. कॅम निघून गेला की ते वजन दट्ट्याला खाली दाबते आणि पाणी दुसऱ्या झडपेतून वरच्या नळात जाते. नळातल्या पाण्याच्या भारापेक्षा शिशाचे वजन जास्त असले पाहिजे, एवढी अट.

म्हणजे इथेही कॅम फक्त ओढतो. देण्याचे काम शिशाचे वजन करते, आणि जोर किती लागणार हेही ते वजनच ठरवते. स्प्रिंगच्या जागी शिसे ठेवा, पडद्याच्या जागी दट्ट्या ठेवा, आणि मामूंच्या जीपचा पंप व तकीउद्दीनचा पंप एकाच विचारावर चालताना दिसतील.

त्याच्याही आधी, १२०६ साली, अल-जझारीने दियारबकरच्या अर्तुकी राजाच्या पदरी असताना यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला होता. त्यातल्या एका यंत्रात पाणचक्कीच्या गोल फिरण्याचे रूपांतर पुढे-मागे हलण्यात केले आहे, आणि समोरासमोरचे दोन दट्ट्ये आळीपाळीने पाणी ओढतात व ढकलतात. अल-जझारीचा एक आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. करून पाहिलेली नाही अशी कारागिरी खरी की खोटी हे ठरत नाही, ती मध्येच लोंबकळत राहते, असे तो मानत असे. पंप तपासण्याकडे आपण येऊ तेव्हा ही गोष्ट आठवा.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आपल्या समाजमाध्यमांवर ‘हेही आपणच शोधले’ अशा मजकुराची चलती आहे. तकीउद्दीनचे हस्तलिखित वाचून अमेरिकेत कोणी पेट्रोल पंप बनवला, असे नाही. शिवाय झडपा असलेला दोन सिलिंडरांचा पंप अल-जझारीच्याही दीड हजार वर्षे आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने बनवला होता. ज्ञान असे हातोहात फिरते. ग्रीक, अरब, तुर्क, युरोपीय सगळ्यांनी त्यात भर घातली. कुणाचा वाटा नाकारू नये आणि कुणाचा फुगवूही नये.

तकीउद्दीनची पुढची कहाणी दुःखाची आहे. १५७७ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये त्याच्या देखरेखीखाली मोठी वेधशाळा उभी राहिली आणि १५८० साली सुलतानाच्या हुकमाने ती पाडली गेली. ग्रंथ उरले, पण ते वाचून यंत्र उभे करणाऱ्या कारागिरांची परंपरा त्यांच्याभोवती टिकली नाही. सहा सिलिंडरांचा पंप शेकडो वर्षे कागदावर राहिला.

जीप, महिंद्रा आणि मोहम्मद

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन, टाकी चालकाच्या सीटखाली आणि कार्ब्युरेटर तिच्यापेक्षा उंचावर. पंपाशिवाय ही गाडी एक फूट हलली नसती. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे त्यातल्या पुष्कळ जीप भारतात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिल्या.

१९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. गुलाम मोहम्मद अलीगढला शिकलेले, हिशेबखात्यातले हुशार अधिकारी. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल होते. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत होते. तिथे त्यांनी जीप पाहिली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुंबईत, माझगावला, सुट्या भागांतून विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

पाटीवरचे ‘मोहम्मद’ गेले, याची चर्चा आपल्या लोकांत अधूनमधून होते. पण ही जीप पुढे गावोगाव गेली, तिथे बॉनेट उघडून उभी राहिली, तेव्हा तिच्यावर वाकलेल्या माणसांत कितीतरी मोहम्मद होते. त्यांची नावे कुठल्याच पाटीवर नव्हती. पंचायत समितीची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, दवाखान्याची जीप, पुढे लिलावात निघून वडापला लागलेली जीप. या गाड्या चालू ठेवणाऱ्यांत शीख होते, पांचाळ होते, सुतार-लोहार होते, आणि मुसलमान मिस्त्री तर प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडामागे होतेच. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लीम कामगार नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि वाहनदुरुस्ती हा त्यांतला एक ठळक धंदा आहे, हे नोंदवले आहे. शाळा सुटलेला मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना गॅरेजमध्ये ‘पान्हा दे, रॉकेल आण’ करत शिरायचा आणि विसाव्या वर्षी इंजिन उतरवायचा. त्याने हे इल्म पुस्तकातून घेतले नाही. उस्तादाच्या हाताकडे बघून घेतले.

पंप खोलणे

मामूंची जीप साठच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी, लिलावात घेतलेली. तक्रार अशी होती की सकाळी ती नीट सुरू होई, कऱ्हाडच्या बाजारात चाले, पण घाट लागला की धक्के खाऊन थांबे. दोन गॅरेजवाल्यांनी कार्ब्युरेटर साफ करून दिला होता. उस्तादांनी बॉनेट उघडले, पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकाला बोट लावले आणि वास घेतला. पडद्याच्या खालच्या बाजूला हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. तिथून पेट्रोल आले तर पडदा फाटला, तेल आले तर खालचे सील गेले. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरते, तेल पातळ होते आणि बेअरिंग खराब होतात. म्हणजे शे-दोनशेच्या पडद्यापायी इंजिनचा खर्च निघतो.

पंप उतरवल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती अशी : कानशीच्या कोपऱ्याने वरच्या आणि खालच्या भागावर मिळून एकच आडवी रेघ ओढली. दोन्ही भाग वेगळे झाल्यावर पुन्हा त्याच कोनात बसले नाहीत, तर नळ्या भलत्याच दिशेला तोंड करतात. ‘खोलायला घाई चालते, बसवायला नाही,’ ते म्हणाले.

मग काचेची वाटी, तिच्यातली जाळी, तळाशी साचलेला गाळ. जाळीवर गंज दिसला, म्हणजे टाकीही आतून गंजली होती. टाकी तशीच ठेवून नवा पंप घातला असता तरी महिन्याभरात व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असता. म्हणून आधी टाकी उतरवून धुतली.

पडदा काढून उजेडासमोर धरला तेव्हा कडेला, स्क्रूच्या भोकाजवळ, केसासारखी चीर दिसली. दोन्ही भागांच्या जोडाच्या कडा सपाट आहेत का, हे त्यांनी खिडकीच्या जाड काचेवर पाहिले. वर्षानुवर्षे स्क्रू जास्त आवळल्यामुळे मिश्रधातूचा भाग कानांशी वाकतो आणि मधून हवा घेतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हात फिरवत त्यांनी कडा सपाट केल्या. रॉकर आर्मची पिन झिजली होती, ती बदलली. पिन झिजली की आर्म कॅमवर डुलतो आणि पडद्याची ओढ कमी पडते. व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिले. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही.

अजून एक गोष्ट सापडली. पंप जिथे इंजिनला बसतो तिथे कोणत्या तरी जुन्या दुरुस्तीत दोन जाड पॅकिंग एकावर एक घातले होते. त्यामुळे पंप कॅमपासून दूर गेला आणि रॉकर आर्मची चाल कमी झाली. सपाट रस्त्यावर हे खपून गेले, घाटात उघडे पडले.

नवा पडदा बसवताना सगळे स्क्रू आधी नुसते बोटांनी लावले. मग रॉकर आर्म पूर्ण दाबून धरला, म्हणजे पडदा खाली ताणला गेला, आणि त्याच अवस्थेत स्क्रू समोरासमोर, आळीपाळीने आवळले. पडदा ताणलेला नसताना आवळला तर पहिल्याच पूर्ण चालीत तो कडेला फाटतो. नव्या पडद्याच्या पाकिटात हे कुठेही लिहिलेले नव्हते.

पंप तपासणे

आता अल-जझारीचा आग्रह आठवा. जोडलेला पंप गाडीवर चढवायची घाई झाली होती ती मला आणि मामूंना. उस्तादांना मुळीच नव्हती.

पहिली चाचणी अंगठ्याची. आत येणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून आर्म एकदा दाबला. अंगठा चिकटला पाहिजे आणि दहा-पंधरा सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग बाहेर जाणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून पंप रॉकेलच्या परातीत बुडवला आणि आर्म हलवला. कुठूनही बुडबुडा आला तर तिथे गळती. रॉकेल यासाठी की पेट्रोलची वाफ लगेच पेट घेते. बाकड्यावर उघडे पेट्रोल ते कधी ठेवत नसत.

दुसरी चाचणी उचलण्याची. जमिनीवर रॉकेलचा डबा, पंप कमरेएवढ्या बाकड्यावर, मध्ये कोरडी नळी. पंधरा-वीस चालींत रॉकेल वर येऊन धारेने पडले पाहिजे. आमचे बाराव्या चालीला आले.

तिसरी चाचणी गाडीवर, मीटर लावून. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये दाबाचा मीटर बसवला. अशा जीपना, मॉडेलनुसार, चौरस इंचाला साधारण दीड ते पावणेचार पौंड दाब लागतो. आमच्या मीटरने तीन दाखवले. दाब कमी असेल तर पेट्रोल पोहोचत नाही हे सगळ्यांना कळते. जास्त दाबही वाईट, हे पुष्कळांना माहीत नसते. दाब जास्त झाला की तो कार्ब्युरेटरच्या सुईला ढकलून उघडतो, पेट्रोल ओसंडते आणि गरम इंजिनवर पडते. ‘जुना पंप फेका, इलेक्ट्रिक पंप लावा,’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो पंप कमी दाबाचा निवडला नाही तर हाच धोका असतो. शिवाय इंजिन बंद पडले की कॅमवर चालणारा पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला त्यासाठी वेगळी सोय करावी लागते, नाहीतर अपघातात फुटलेल्या नळीतूनही तो पेट्रोल ढकलत राहतो.

मग इंजिन बंद करून मीटरकडे पाहत बसलो. काटा लगेच शून्यावर कोसळला तर व्हॉल्व्ह किंवा कार्ब्युरेटरची सुई गळते आहे. आमचा काटा हळूहळू उतरला. शेवटी नळी बरणीत सोडून मापले. मिनिटाच्या आत अर्धा लिटर पेट्रोल आले पाहिजे, हा सर्वसाधारण ठोकताळा. दाब बरोबर पण माप कमी, असे झाले तर दोष पंपाच्या मागे असतो. टाकीकडून येणारी रबरी नळी भेगाळली की ती बाहेर पेट्रोल गाळत नाही, आत हवा ओढते. डोळ्यांना काही दिसत नाही आणि लोक बिचारा पंप पुन्हा खोलतात.

घाटात उन्हाळ्यात गाडी थांबली की चालक पंपावर ओले फडके ठेवतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. त्यामागेही कारण आहे. पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला. तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही, आणि पंप नुसता हलत राहतो. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

नवे पेट्रोल, जुना पडदा

हे सगळे ज्ञान आता एका नव्या कसोटीला लागले आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागले. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरच्या उसातूनही त्यातले इथेनॉल येते, त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण जुन्या पंपांचे पडदे, पॅकिंग, नळ्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमुळे काही प्रकारचे जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा तडकते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, त्यामुळे टाकी आणि पंपाचा धातू आतून खराब होतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर जास्तच.

यावर उस्तादांचा उपाय साधा होता. पुण्याच्या नाना पेठेतून तीन वेगवेगळ्या दुकानांतले पडदे आणवले. प्रत्येकाचा एकेक तुकडा झाकणाच्या बरणीत आजच्या पेट्रोलमध्ये आठ दिवस बुडवून ठेवला आणि मग कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून पाहिला. एक चांगलाच फुगला, एक कडक झाला, एक जवळपास तसाच राहिला. तिसरा वापरला. हे काम त्यांनी गॅरेजच्या मागच्या खोलीत केले, पण त्याला प्रयोग म्हणतात.

२०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना त्यात वेगळ्या नोंदणीची सोय आहे. गाडीला वारसा म्हणून मान्यता मिळाली, हे चांगलेच झाले. ती गाडी पन्नास वर्षे ज्या हातांनी चालती ठेवली, त्यांच्या ज्ञानाची नोंद मात्र कुठल्याच कार्यालयात होत नाही. गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर राहिला नाही, पंप टाकीच्या आत गेला, आणि पडदा कसा ताणून बसवायचा हे विचारणारा शागीर्दही आता गॅरेजमध्ये येत नाही. उस्तादांची मुले संगणकावर गाडीचे दोष शोधतात. त्यात वाईट काहीच नाही.

पण तकीउद्दीनचे काय झाले ते आपण पाहिले. त्याचा ग्रंथ राहिला, करणारे हात राहिले नाहीत. आमच्या मिस्त्रींचे नेमके उलटे होते आहे. हात आहेत, तेही थोडीच वर्षे, आणि ग्रंथ लिहिलेलाच नाही. मुसलमानांचा विज्ञानातला वाटा सांगताना आपण बगदाद आणि कॉर्डोवाची नावे अभिमानाने घेतो. एसटी स्टँडामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आजच्या पेट्रोलमध्ये पडद्याचा तुकडा बुडवून आठ दिवस वाट पाहणारा माणूस त्या यादीत आपल्याला दिसत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, नात्यात असा जुना मिस्त्री असेल तर एक वही आणि मोबाइल घेऊन त्याच्याकडे बसा. तो कोणते शब्द वापरतो, दोष कसा ओळखतो, काय तपासतो, कोणत्या क्रमाने, हे लिहून घ्या. तो म्हणेल, ‘यात लिहिण्यासारखे काय आहे?’ त्याचे ऐकू नका. अल-जझारीने लिहून ठेवले नसते तर त्याचेही नाव आज कोणाला माहीत नसते.